दीडशे शब्दांत मत

जर्मन भाषेच्या पहिल्या तीन पायऱ्यांवर माणसाला सतत काहीतरी हवं असतं. ए-वनवाल्याला कॉफी हवी असते, ए-टूवाल्याला भाड्याची खोली, बी-वनवाल्याला डॉक्टरची वेळ. पाठ्यपुस्तकातली चित्रंही त्याच हिशेबाने काढलेली : मध्ये काउंटर, अलीकडे आपण, पलीकडे दात दाखवणारा जर्मन. बी-टूचं पुस्तक उघडलं की काउंटर गायब. तुम्हाला काय हवं, ही चौकशी संपलेली असते. आता विचारतात, तुम्हाला काय वाटतं? शहराच्या मध्यवस्तीत मोटारींना बंदी असावी का? आठवड्यात चारच दिवस काम असावं का? प्राणिसंग्रहालयं हवीतच कशाला?

कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये भाषा येण्या-न येण्याची सहा पायऱ्यांची चौकट प्रसिद्ध केली, ए-वन ते सी-टू. तिच्यातली ही चौथी पायरी. तिचं वर्णन करताना त्यांनी एक अट घातली आहे : ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांच्याशी इतकं सहज बोलता आलं पाहिजे, की दोघांपैकी कुणालाही ताण पडू नये. ही अट उद्या आपल्या हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेला लावली, तर कोरम भरायचा नाही.

मी पुण्यात शनिवार-रविवारी बी-टूची बॅच घेते. वर्गात येणाऱ्या मंडळींकडे मतांची टंचाई कधीच नसते. पुण्याची हवाच तशी. अडचण वेगळीच असते. गोएथे इन्स्टिट्यूटच्या परीक्षेत लेखनाला ७५ मिनिटं मिळतात. पहिल्या भागात एखाद्या सार्वजनिक प्रश्नावर किमान १५० शब्दांत मत मांडायचं. दुसऱ्यात किमान १०० शब्दांत औपचारिक निरोप लिहायचा, तोही बहुधा साहेबाला आणि बहुधा काहीतरी जमणार नाही हे सांगणारा. मोटारबंदीच्या विषयावर चाकणच्या सुट्या भागांच्या कारखान्यातल्या एका इंजिनिअरने पहिल्यांदा लिहिलं ते असं : ‘बंदी शक्य नाही. लोक ऐकणार नाहीत.’ यात खोडण्यासारखं काही नव्हतं. क्रियापदं जागच्या जागी, विभक्ती चोख, आणि मताशी तर मीही सहमत. पण खाली जवळजवळ सगळं पान कोरं होतं.

मग त्याला सांगावं लागतं, की बाबा रे, जर्मन परीक्षकाला तुझ्या निकालात रस नाही. निकालापर्यंत तू कसा आलास ते त्याला पाहायचंय. एका बाजूने असं, दुसऱ्या बाजूने तसं, अमुक पर्यायही आहे, त्याचा फायदा हा, तोटा तो, आणि या सगळ्याचा विचार करता मला असं वाटतं. शाळेत ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध आपण सगळ्यांनी लिहिला आणि पुढे आयुष्यभर त्याची टिंगल केली. जर्मन शिक्षणाचा अर्धा डोलारा त्याच निबंधावर उभा आहे हे कळल्यावर वर्गात जरा शांतता पसरते. मराठी माध्यमातली मुलं इथे चटकन पुढे जातात. फक्त शेवटी एक सवय मोडावी लागते. ‘शेवटी सारं काही वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ असं म्हणून आपण जो पळ काढायचो, तो इथे चालत नाही. तुझं स्वतःचं काय, ते सांग.

तोंडी परीक्षेत तर दोघं समोरासमोर बसतात आणि एका प्रश्नावर चर्चा करतात. जर्मनांच्या कल्पनेतली चर्चा म्हणजे एकाने मुद्दा मांडायचा, दुसऱ्याने तो मान्य करून त्यातली उणीव दाखवायची, पहिल्याने आभार मानून उणिवेला उत्तर द्यायचं. आमच्याकडे सुरुवातीला दोनच प्रकार घडतात. एक तर समोरचा बोलेल त्यावर ‘गेनाउ, गेनाउ’, म्हणजे अगदी बरोबर, अगदी बरोबर, अशी मान डोलवत राहायची, किंवा थेट भांडण. सांगलीहून आलेली एक नर्स पहिले दोन महिने नुसती मान डोलवत होती. विरोध कर, त्याचे गुण आहेत, असं म्हटल्यावर ती म्हणाली, “मॅडम, घरात आजवर फुकटात करायला मिळत होता तो केला नाही, आता फी भरून करू?” पण शिकली. इतकी शिकली, की पुढे चारदिवसीय आठवड्यावरच्या चर्चेत तिने वॉर्डातल्या तीन पाळ्यांचा हिशेब मांडून एका आयटीतल्या मुलाला पुरतं निरुत्तर केलं, तेही दर वाक्याआधी ‘आपला मुद्दा मला समजतो’ असं म्हणत.

ही माणसं येतात कशाला, ते सांगायला हवं. नर्सना जर्मन रुग्णालयात पूर्ण दर्जाची परिचारिका म्हणून नोंदणी हवी असते आणि तिथल्या बहुतेक राज्यांत त्यासाठी बी-टूची अट असते. डॉक्टरांना याच्या वरची वैद्यकीय भाषेची परीक्षा असते, ते बिचारे वर्गातही स्टेथोस्कोप घातल्यासारखे दमलेले असतात. जर्मनीने जून २०२४ पासून ‘चान्सनकार्टे’ सुरू केलं. नोकरी हातात नसताना नोकरी शोधायला वर्षभर जाऊ देणारं हे कार्ड सहा गुणांवर मिळतं, आणि त्यातले तीन गुण एकट्या बी-टू जर्मनचे. त्याच वर्षी तिथल्या सरकारने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची मर्यादा वर्षाला २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचं जाहीर केलं. वर्तमानपत्रात ती बातमी आली त्या आठवड्यात मला आलेले फोन बहुतेक विद्यार्थ्यांचे नव्हते, त्यांच्या वडिलांचे होते.

पुण्याला हे नवीन नाही. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या आणि मानववंशशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन परतल्या. त्या काळी विज्ञान शिकायचं तर जर्मनला पर्याय नव्हता. पुढे विज्ञान इंग्रजीत गेलं आणि जर्मन कारखान्यातून परत आली. हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीशी सहकार्य करून फिरोदियांनी १९५८ साली बजाज टेम्पो उभी केली. तिच्या तीनचाकीने महाराष्ट्राला इतका माल पोचवला, की आज सामान हलवायला कुठल्याही कंपनीची गाडी बोलावली तरी आपण ‘टेम्पो’च सांगतो. २००९ पासून चाकणला फोक्सवॅगन आणि मर्सिडीज दोन्ही आल्या, त्यांच्यामागे त्यांचे पुरवठादार आले आणि पुरवठादारांना माल देणारे आपले लोक रानडे इन्स्टिट्यूटच्या नि बोट क्लब रोडच्या मॅक्सम्युलर भवनाच्या, म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूटच्याच, वाऱ्या करू लागले. ज्या संस्कृतपंडित मॅक्सम्युलरने भारतात कधी पाऊल ठेवलं नाही त्याच्या नावाच्या इमारतीतून भारतीय माणसं जर्मनीला जातात, यात एक प्रकारची परतफेड आहे असं मला उगीचच वाटतं.

आयटीतली मुलं मात्र हमखास विचारतात, की ऑफिसचं काम इंग्रजीत चालतं तर हा खटाटोप कशासाठी? खरं आहे. काम इंग्रजीत चालतं. पण दुपारी जेवायला जाताना लिफ्टमध्ये जे बोलतात ते इंग्रजीत चालत नाही. मीटिंग इंग्रजीत होते आणि मीटिंग संपल्यावर कॉफीच्या यंत्राजवळ त्याच विषयाचा खरा निर्णय जर्मनमध्ये होतो. पाच वर्षं राहूनही ज्याला फक्त मीटिंगला बोलावतात तो माणूस इंग्रजीवाला, असं खुशाल समजावं.

व्याकरणाची भीती आपल्याला इंग्रजीवाल्यांनी घातली. मार्क ट्वेनने १८८० साली जर्मन भाषेवर एक जंगी विनोदी निबंध लिहिला. तेव्हापासून जर्मन ही राक्षसीण आहे असा जगभर बोभाटा आहे. पण ट्वेनच्या तक्रारी पाहा. नामांना तीन लिंगं, मुलगी नपुंसकलिंगी, क्रियापद वाक्याच्या शेवटी. अहो, मग त्यात काय? आपल्याकडेही पोरगं नपुंसकलिंगी असतं, तरी आयुष्यभर दंगा घालतं. क्रियापद शेवटी ठेवल्याशिवाय आपल्याला वाक्य पूर्ण झाल्यासारखंच वाटत नाही. बी-टूमध्ये नामाच्या आधी अख्खं वाक्य कोंबण्याची एक तऱ्हा येते : ‘गेल्या आठवड्यात आपल्या कंपनीकडून मागवलेला परंतु अद्याप न पोचलेला माल.’ इंग्रजी माध्यमातली मुलं इथे घाम पुसतात. मराठीतून विचार करणारा ते वाक्य डावीकडून उजवीकडे सरळ वाचत जातो. आणि क्रियापदांची नामं करून करून वाक्याचा दगड करायची जी कार्यालयीन जर्मन शैली आहे, ती तर मंत्रालयातून येणाऱ्या पत्रांचीच सख्खी बहीण. ‘सदर प्रकरणी कार्यवाही करण्यात येत असल्याबाबत’ हे ज्या घरात रोज वाचलं जातं त्या घरातल्या मुलाला जर्मन सरकारी पत्राची धास्ती वाटत नाही. वर्गात वडील महसूल खात्यात असलेली एक मुलगी आहे. वाचनाच्या पेपरात तिच्या पुढे कुणी गेलेलं नाही.

आकडे हा तर आपला हुकमाचा पत्ता. जर्मन माणूस २७ म्हणताना आधी सात म्हणतो, मग वीस. इंग्रजीवाले चक्रावतात, आपण लहानपणापासून ‘सत्तावीस’ म्हणतो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ असं वाचायची सोय केली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. विधानसभेत आडनावांवरून विनोदही झाले. पण हा वाद एकट्या आपला नाही. बोखुम विद्यापीठातल्या एका गणिताच्या प्राध्यापकाच्या पुढाकाराने जर्मनीत हीच मागणी करणारी संस्था निघाली आहे. दहाचा आकडा आधी म्हणा, मुलांना हिशेब सोपा जाईल, हे त्यांचं म्हणणं. जर्मन जनता त्यांचं तितकंच ऐकते जितकं आपण बालभारतीचं ऐकलं. शिवाय जर्मनमध्ये दीडला स्वतंत्र शब्द आहे. तो फळ्यावर लिहिला, की परक्या गावात ओळखीचं आडनाव दिसल्यासारखे सगळे खुलतात. मात्र साडेसातला जर्मन ‘अर्धा आठ’ म्हणतात. आपण झालेल्या सातापासून मोजतो, ते येणाऱ्या आठाकडे पाहतात. ‘अर्धा आठ’ला बोलावल्यावर साडेआठला पोचणाऱ्याला जर्मन माणूस काही बोलत नाही. पुढच्या वेळी तो फक्त बोलावत नाही.

पण खरी बी-टू व्याकरणात नाही. ती ऑफिसात आहे.

चाकणच्या इंजिनिअरकडून मी एक गोष्ट शिकले. जर्मन कंपन्या तारखा सांगत नाहीत, आठवडे सांगतात. माल कधी? तर ‘का-वे ३७’. म्हणजे वर्षाचा सदतिसावा आठवडा, सोमवारी सुरू होणारा. वर्षाचा पहिला आठवडा म्हणजे ज्यात पहिला गुरुवार येतो तो, असा त्याचा नियमही आहे. इंजिनिअरच्या टेबलावर यासाठी वेगळं कॅलेंडर असतं. घरच्या कालनिर्णयावर एकादशी सापडते, पंचक सापडतं, का-वे सापडत नाही. अनंत चतुर्दशी यंदा कुठल्या का-वेत येते हे तो जानेवारीतच पाहून ठेवतो आणि जर्मनीला कळवून टाकतो. मिरवणुकीच्या दिवशी ट्रक बाहेर काढणं म्हणजे काय, हे त्यांना सांगून पटत नाही. आठवड्याचा नंबर दिला की लगेच पटतं.

पत्राचं शास्त्र वेगळंच. व्यावसायिक पत्र कसं लिहावं, समास किती, पत्ता कुठे, तारीख कशी, याचं जर्मनीत चक्क एक औद्योगिक मानक आहे, डिन ५००८. नट-बोल्टला डिन असतं तसं पत्राला. मायन्यानंतर स्वल्पविराम आणि पुढची ओळ लहान अक्षराने. शेवटच्या ‘स्नेहपूर्वक नमस्कारां’नंतर मात्र स्वल्पविराम नाही. या दुसऱ्या स्वल्पविरामावर वर्गात दरवर्षी कुणीतरी अडतं, कारण इंग्रजीत तो असतो. वर्गातल्या सर्वांत ज्येष्ठ विद्यार्थ्याला हे सगळं फार आवडतं. ते बँकेतून निवृत्त झालेले आजोबा. नात म्युनिकला वाढते आणि हल्ली मराठीत उत्तर देत नाही. तिच्याशी नीट वाद घालता यावा एवढ्यासाठी ते बी-टूपर्यंत आले आहेत. त्यांचा हिशेब असा, की जिथे माणसं ‘स.न.वि.वि.’ लिहायची सोडून देतात तिथे उधारी बुडायला लागते. जर्मन लोकही त्या शेवटच्या नमस्काराचं तीन अक्षरांत लघुरूप करतात, पण ते साहेबाला लिहू नये, तुटक वाटतं, असं मी सांगितल्यावर आजोबांनी वर्गाकडे ‘बघा’ अशा नजरेने पाहिलं.

सगळ्यांना भारी पडतं ते अरे-तुरे. जर्मनमध्ये ‘डू’ म्हणजे तू आणि ‘झी’ म्हणजे आपण. वयाने वा हुद्द्याने मोठ्याने ‘आता डू म्हणू या’ असं सुचवायचं, धाकट्याने नाही, इथपर्यंत ठीक. आता मात्र तिथल्या बऱ्याच कंपन्यांत पहिल्या दिवसापासून सरसकट डू चालतं. आणि मग पिंपळे सौदागरचा अठ्ठावीस वर्षांचा मुलगा व्हिडिओ कॉलवर साठीच्या, पांढऱ्या मिशांच्या विभागप्रमुखासमोर बसतो आणि त्याच्या तोंडून ‘डू’ फुटत नाही. ‘झी’ म्हणावं तर साहेब हसून दुरुस्त करतो. यातून आमच्या मुलांनी स्वतःची वाट काढली आहे, आणि ती मी कुठल्याही जर्मन पुस्तकात पाहिलेली नाही. ते सर्वनामच वापरत नाहीत. सगळं कर्मणी प्रयोगात बोलतात. ‘अहवाल पाहिला गेला का?’ ‘बैठक पुढे ढकलली जाऊ शकेल का?’ आपल्याकडे नव्या सुनेने सासरच्या माणसांशी ‘चहा घ्यायचा ना?’, ‘जेवण झालं?’ असं बोलून महिनेच्या महिने काढावेत, तसं हे चाललेलं असतं. साहेबांचं मात्र मत होतं, की या भारतीय मुलांचं जर्मन फार प्रौढ आहे.

बी-टूमध्ये मी स्वतः सगळ्यात रमते ती आर्बाइट्सत्सॉयग्निसमध्ये, म्हणजे नोकरीच्या शिफारसपत्रात. हे खरं तर अभ्यासक्रमाच्या जरा पुढचं प्रकरण, पण नोकरीसाठी जाणाऱ्याला ते आलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. नोकरी सोडताना मालकाकडून लेखी शिफारसपत्र मिळणं हा जर्मनीत कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्क आहे. ते खरं असलं पाहिजे आणि सद्भावनेनं लिहिलेलंही असलं पाहिजे, म्हणजे माणसाच्या पुढच्या वाटेत ते आडवं येता कामा नये. आता कामचुकार माणसाबद्दल एकाच वेळी खरं आणि गोड लिहायचं कसं? यातून एक गुप्त भाषा तयार झाली. ‘नेहमीच आमच्या पूर्णतम समाधानाप्रमाणे काम केलं’ म्हणजे उत्कृष्ट. ‘नेहमीच पूर्ण समाधानाप्रमाणे’ म्हणजे चांगलं. ‘नेहमीच’ गाळलं की मध्यम. ‘पूर्ण’ही गाळलं, नुसतंच ‘आमच्या समाधानाप्रमाणे’, की कसंबसं. आणि ‘त्यांनी प्रयत्न केला’ असं छापून आलं, की त्या माणसाने दुसरा व्यवसाय शोधावा.

पूर्णाहून पूर्णतम काय असतं, असा रास्त सवाल जर्मन व्याकरणप्रेमी विचारत आले आहेत. आपल्याकडे ईशोपनिषदवाले त्यांना उत्तर देऊ शकतील. पण नोकरीच्या बाजारात एका प्रत्ययावर पगार ठरतो, तिथे व्याकरणाचं कोण ऐकतो? गंमत म्हणजे कायद्यानेच असल्या गुप्त शेऱ्यांना मनाई केली आहे. वरवर एक आणि आतून दुसरं असा मजकूर शिफारसपत्रात नसावा, असं तिथल्या व्यवसाय संहितेचं कलम १०९ स्वच्छ सांगतं. आणि तरीही दंतवैद्याच्या दवाखान्यात स्वागतकक्षात काम केलेल्या एका बाईंचा खटला २०१४ मध्ये थेट केंद्रीय कामगार न्यायालयापर्यंत गेला, तो एका ‘नेहमीच’साठी. मालकाने ‘पूर्ण समाधान’ लिहिलं होतं, बाईंना ‘नेहमीच पूर्ण समाधान’ हवं होतं. न्यायालय म्हणालं, सरासरीपेक्षा वरचा शेरा हवा असेल तर काम तितकं चांगलं होतं हे कर्मचाऱ्यानेच सिद्ध करावं. त्याआधी २०१२ मध्ये याच न्यायालयाने सांगून ठेवलं होतं, की पत्राच्या शेवटी मालकाने आभार मानावेत आणि शुभेच्छा द्याव्यात अशी सक्ती करता येत नाही. पण त्या ओळी नसल्या, की पुढच्या कंपनीतला माणूस भुवया उंचावतो.

वर्गात हे शिकवताना मी मुलांना आपल्या स्थळांच्या जाहिराती आणायला सांगते. ‘मुलगा मनमिळाऊ, मित्रपरिवार मोठा.’ जर्मन शिफारसपत्रांच्या उकलीची जी पुस्तकं मिळतात त्यांत ‘मिळूनमिसळून वागण्याने कार्यालयातलं वातावरण प्रसन्न ठेवलं’ याचा जो अर्थ देतात, तो इथल्या कुठल्याही मावशीला आधीच ठाऊक असतो. संध्याकाळी बसतो, दुसरं काय. (ही पुस्तकं सगळीच खरी मानू नयेत, मावशीही.) ‘स्पष्टवक्ती’, ‘घरकामाची आवड’, ‘अपेक्षा साधारण’ या भाषेत तीन पिढ्या वाढलेल्या समाजाला आर्बाइट्सत्सॉयग्निस शिकवायला दीड तास पुरतो. जपानी किंवा अमेरिकन माणसाला किती लागत असेल कोण जाणे.

एवढं सगळं शिकून, प्रमाणपत्र घेऊन मुलगा विमानात बसतो आणि उतरतो कुठे? तर श्टुटगार्टला. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. श्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गशी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. तेव्हा आपली बरीच मुलं त्याच दिशेने जाणार हे उघड आहे. या राज्याने १९९९ साली स्वतःची जाहिरात करायला एक घोषवाक्य निवडलं आणि ते जर्मनीभर गाजलं. त्याचा अर्थ असा : आम्हाला सगळं येतं, एक प्रमाण जर्मन सोडून. सरकारी खर्चाने, मोठ्या फलकांवर.

तिथे नकारार्थी ‘निश्ट’चं ‘नेट’ होतं, ‘इश हाबे’चं ‘इ हान’ होतं, प्रत्येक वस्तूला लाडिक ‘ले’ चिकटतो आणि सव्वासातला तिथले लोक ‘पाव आठ’ म्हणतात. पावणेआठला ‘पाऊण आठ’. म्हणजे ज्याने ‘अर्धा आठ’ मोठ्या कष्टाने पचवला त्याच्यापुढे आणखी दोन ताटं. माझा एक विद्यार्थी तिथून फोनवर म्हणाला, “मॅडम, साहेबांचं सगळं समजतं, फोरमनचं काही समजत नाही.” मी म्हटलं, साहेब बाहेरगावचे असतील. होतेच.

घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो, किती दिवसांत होईल? गोएथे इन्स्टिट्यूटचाच अंदाज सांगते, म्हणजे माझ्यावर येणार नाही. शून्यापासून बी-टूपर्यंत पंचेचाळीस मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका. शनिवार-रविवार मिळून आठवड्याला आठ तासिका झाल्या, तर गणपती-दिवाळी आणि परीक्षेची वाट पाहणं धरून दोन वर्षं. रस्त्यावर ‘सहा महिन्यांत बी-टू, नोकरीची हमी’ असे फलक लागले आहेत. सव्वीस आठवड्यांत सहाशे म्हणजे आठवड्याला तेवीस तासिका, शिवाय गृहपाठ. दुसरं काही न करणाऱ्याला ते जमतं, नोकरी सांभाळून जमत नाही. फलकावर हमीचा फोन नंबर असतो त्यावर पैसे भरण्याआधी हा भागाकार एकदा करून पाहावा आणि हमी कुणाची, कोणत्या कागदावर, तेही विचारावं.

परीक्षेचे चार भाग असतात, वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण. प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात, आणि एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. माझ्याकडच्या मुलांचा राहतो तो बहुतेक श्रवणाचा. बोलण्यात आजवर फारसं कुणी अडकलेलं नाही.